हन्नेने शिवलेला झगा



शमुवेलाचे दूध तोडल्यावर हन्नेने त्यास शिलो येथे नेऊन परमेश्वरास वाहिले, ही कथा आपण मुलांच्या समर्पणाच्या वेळी पुष्कळदा ऐकतो. परंतु पुढच्याच अध्यायातील एक लहानशी गोष्ट आपल्या ध्यानी राहत नाही. ही आई दरवर्षी एक लहान झगा शिवून मुलाकडे नेत असे. मूल वाढत होते. गेल्या वर्षीचा झगा यंदा आखूड होणारच. अर्पण शिलोच्या त्या एका दिवशी संपले नव्हते.

कित्येक मंडळ्यांत तान्ह्या मुलांस बाप्तिस्मा देतात. कित्येकांत मुलाचे समर्पण करितात, आणि तो स्वतः विश्वास कबूल करीपर्यंत बाप्तिस्म्यासाठी थांबतात. यावरून आपण फार वाद घालतो. वचन मात्र दोन्हीकडे आईबापच देतात. मूल आजारी पडले म्हणून घाईने पाणी मागणाऱ्या बापाचे दुःख मी जाणतो; तथापि ते पाणी ताईत नव्हे. आणि जेवणावळीसाठी सावकाराचे दार ठोठावणारा तर बाळाच्या डोक्यावर कर्जच ठेवितो!

तीन वर्षांच्या मुलास मांडीवर सांगितलेली गोष्ट पुरते. सातव्या वर्षी तो विचारितो, “प्रार्थना नेहमी आईच का करिते?” बाराव्या वर्षी विचारील, “बाबा, तुम्ही बाजारात मापात का मारिता?” त्या दिवशी त्याच्या अंगास येईल असा झगा आपल्या घरी शिवलेला असेल काय?