वेगाची विद्या आणि तिचा उपसंहार

रस्त्यावर नित्य मोटारसायकल चालविणारे काही तरुण हल्ली एखाददुसरा दिवस शर्यतीच्या ट्रॅकवर घालवितात. तेथे त्या दिवशी शर्यत नसते, पारितोषिकही नसते. वेगातील गाडी कशी सांभाळावी, एवढेच शिकावयाचे असते. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे १९९० पासून असलेला सुमारे ३.७ किलोमीटरांचा ट्रॅक अशा शिक्षणाचे एक ठिकाण होय. वडोदरा व बेळगाव यांवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ पुढे त्याच परिसरातून चेन्नईस पोचतो. तेव्हा आपल्या तरुणांना ही वाट परकी नाही. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र प्रश्न पडतो, की वेगाची विद्या शिकविणे योग्य आहे काय?

प्रथम ही विद्या काय आहे ते पाहू. शिकणाऱ्यांचे अनुभवानुसार गट पाडून थोड्या थोड्या मिनिटांच्या पाळ्या लावतात. जेथे जावयाचे तेथेच दृष्टी ठेवावी, कारण दृष्टी खड्ड्यावर खिळली की गाडीही तिकडेच ओढली जाते. वेगात डावीकडे वळावयाचे तर डावी मूठ हलकेच पुढे रेटावी. पुढचा ब्रेक एकदम न आवळता क्रमाक्रमाने दाबावा. पिवळे निशाण दिसताच सावध होऊन वेग आवरावा. यांत निंद्य असे काहीच नाही.

तथापि आक्षेपही पोकळ नाही. नॉर्वेमध्ये १९७९ पासून नवशिक्या मोटारचालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे शिक्षण सक्तीचे झाले. पुढे पाहणीत असे आढळले, की तरुण पुरुषांचे तशा रस्त्यावरील अपघात घटण्याऐवजी वाढले. कौशल्यापेक्षा धाडसच अधिक वाढले, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

मग शिकूच नये काय? आम्हांस तसे वाटत नाही. अज्ञान म्हणजे संयम नव्हे. ज्याला ब्रेक नीट लावता येत नाही, त्याच्या हातून होणारी हानी केवळ अजाणतेपणामुळे क्षम्य ठरत नाही.

महाभारतात अश्वत्थामा व अर्जुन या दोघांनाही अस्त्र सोडता येत होते; परत घेण्याचे सामर्थ्य मात्र अर्जुनापाशीच होते. अश्वत्थाम्याचे अस्त्र अखेर उत्तरेच्या गर्भावर, म्हणजे ज्याचा युद्धाशी काहीच संबंध नव्हता त्या जीवावर, जाऊन पडले. आमच्या मते या प्रश्नाचे मर्म येथेच आहे. ट्रॅकवर सारे एकाच दिशेने जातात आणि प्रत्येकाने धोका समजून उमजून पत्करलेला असतो. रस्त्यावर देवळाकडे निघालेली वृद्धा, शाळेतून सुटलेले मूल, पालखीमागून चालणारी मंडळी यांनी असा कोणताही करार केलेला नसतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. हे वाढीव अंतर त्यांच्याच वाट्यातून घेतले जाते.

म्हणून ट्रॅकवर मिळविलेले कौशल्य ही अडचणीच्या क्षणासाठी राखून ठेवावयाची ठेव आहे. रोजच्या खर्चास काढावयाची नव्हे. मुलगा शिकून परतला म्हणजे तेथे त्याने किती वेग गाठला, हे वडिलांनी विचारू नये. बाजाराच्या गल्लीतून तो घरी कसा येतो, तेवढे पाहावे.