हौशी गायक आणि टीका

हौशी गायकाला टीका जास्त झोंबते, त्याला कारण आहे. पेशेवर गायकाची एक बैठक पडली तरी पुढची ठरलेली असते. नोकरी-संसार सांभाळून गाणारा माणूस वर्षाकाठी मोजक्याच वेळा लोकांसमोर बसतो. त्यामुळे ‘गंधार चढा लागतो’ हे स्वराबद्दलचे विधान त्याला स्वतःबद्दलचे वाटते. टीका पेलणे हा स्वभावाचा गुण मानला जातो, पण त्यात कानाचा वाटा मोठा आहे.

भूप राग शिकणाऱ्याला गंधाराबद्दलची ही तक्रार अनेकदा ऐकावी लागते. तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो. या स्वयंभू गंधाराचे षड्जाशी प्रमाण ५:४ असते. पेटीत मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. त्यामुळे तिचा शुद्ध गंधार स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याइतका, चढा असतो. वर्षानुवर्षे पेटीवर रियाज करणाऱ्याचा कान या गंधाराला सरावतो आणि गळाही तोच लावतो. त्याला आपला स्वर बरोबर वाटतो, यात अहंकार नसतो. टीकाकारही खोटे बोलत नसतो. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा पेटी बाजूला ठेवून तानपुऱ्यावर गंधार लांबवर धरावा. फरक आधी कानाला कळतो, गळा मागाहून वळतो.

‘भूपात देशकार डोकावला’ ही टीका याहून अवघड. दोन्ही रागांचे स्वर तेच: सा, रे, ग, प, ध. पण भूपाचा वादी, म्हणजे मुख्य, स्वर गंधार, देशकाराचा धैवत. एकही स्वर न चुकता, केवळ धैवतावर जास्त रेंगाळल्याने राग बदलतो. हे समजायला दोन्ही राग पुष्कळ ऐकलेले असावे लागतात. म्हणून अशी टीका लगेच पटली नाही तरी लिहून ठेवावी. ‘लय वाढते’ ही तक्रार त्या मानाने सोपी. ध्वनिमुद्रण ऐकले की निकाल लागतो.

‘रंगलं नाही’ हा श्रोत्याचा खरा अनुभव असतो, पण त्यातून रियाजाला काही मिळत नाही. ‘कुठे?’ असे विचारावे; तबल्याच्या साथीदाराला बहुधा नेमकी जागा सांगता येते. किराणा घराण्याच्या आलापीत जयपूर घराण्याची लयकारी शोधणाऱ्याचे म्हणणे आदराने ऐकून सोडून द्यावे, कारण तो आवडीचा प्रश्न आहे. हौशी मंडळांतली सरसकट वाहवा मात्र टीकेपेक्षा अधिक नुकसान करते. हौशी गायकाला जाणत्या कानांची सोबत लागते. मुंबईत १८७० साली स्थापन झालेल्या गायनोत्तेजक मंडळीत हौशी सभासदांना पेशेवर गवयांची तालीम मिळे. वकिली करणारे विष्णु नारायण भातखंडे तिथेच शिकले. आज ही सोय प्रत्येक संगीत मंडळाला करता येण्याजोगी आहे.

टीका कितीही झाली तरी दुरुस्तीला एका वेळी एकच दोष घ्यावा. गंधार, लय आणि शब्दोच्चार एकदम सुधारायला गेलेल्या गायकाचे पुढचे गाणे आधीपेक्षा बिघडते.