नावडीचे मोजे

आपल्या उकाड्यात लोकरीचे पायमोजे लागतात ते तान्ह्या बाळालाच. तेवढे आजी विणते आणि विषय संपतो. थंड देशांत मात्र मोठ्यांचे मोजे घरी विणण्याची जुनी रीत आहे, आणि नवख्या माणसाला पहिल्या दिवशी त्यात आनंद वगैरे काही होत नाही. दोन्ही टोकांच्या चार-पाच सुया हातात मावत नाहीत, टाके निसटतात. टाचेपाशी तर गोल विणणे थांबवून अर्ध्याच टाक्यांवर मागे-पुढे विणायचे असते. तिथे पुष्कळजण कंटाळून सुया खाली ठेवतात. पण एकदा टाच वळली, सपाट विणीतून तिची वाटी झालेली दिसली, की तोच माणूस दुसऱ्या मोज्याची लोकर शोधू लागतो. नावडते काम आवडीचे झाले कसे?

ॲरिस्टॉटल म्हणतो, घरे बांधून माणूस बांधकामात तयार होतो, तसाच न्यायाने वागता वागता न्यायी होतो. म्हणजे आधी हात, मग मन. आम्हांला हे पटते, पण पुरते नाही. उत्तर इंग्लंडमध्ये डेंट नावाचे गाव आहे. तिथे एके काळी बायका, पुरुष, मुले सगळेच पोटासाठी विणत. लँगडेलच्या दोन लहान बहिणींना विणकाम शिकायला तिथे धाडले होते. त्या ऐन थंडीत पळाल्या आणि पायी घरी आल्या. कवी रॉबर्ट साऊदी यांच्या 'द डॉक्टर' या ग्रंथात त्यांची हकीकत आहे. नुसत्या सवयीने आवड जन्मत असती, तर त्या पोरी पळाल्या नसत्या.

फरक बहुधा पायात आहे. पहिल्या महायुद्धात (१९१४-१९१८) खंदकातल्या चिखलपाण्यात सैनिकांचे पाय सडत. कोरडे मोजे हवे होते. ब्रिटन-अमेरिकेत शाळकरी मुलांनीदेखील सुया हाती घेतल्या. मोज्याचे टोक साधे शिवले तर शिवण बोटांना घासते. म्हणून किचनर यांच्या नावाने ओळखला जाणारा टाका घालून ते असे जोडतात, की जोड बोटांना लागत नाही. विणणाऱ्याला हौस असो-नसो, दुसऱ्याच्या बोटांचा विचार करावाच लागतो. डेंटचा माल व्यापाऱ्याकडे जाई. त्या मुलींना कोणाचा पाय दिसला असेल?

हे सारे लिहायचे कारण वेगळेच आहे. "फादर, अंथरुणावरच्या सासूबाईंचं सगळं करते, पण मनापासून होत नाही. मग ते ढोंगच ना?" असे बोल आमच्या कानी येतात. कांट या तत्त्ववेत्त्याने १७८५ साली लिहिले, की ओढ नसताना केवळ कर्तव्य म्हणून केलेल्या कृतीतच नैतिक मोल स्पष्ट दिसते. (सेमिनरीत त्याने आमचे डोके फार दुखवले. इथे तो कामी आला.) तो या सुनेला ढोंगी म्हणणार नाही. आम्हीही म्हणत नाही. रोज तेल चोळता चोळता पाठ नेमकी कुठे दुखते हे तिच्या बोटांना कळू लागते. एखाद्या दिवशी ते काम जड वाटेनासे झाले, तर त्याचे मोल घटले असे आपण का मानावे? आणि तसा दिवस आलाच नाही, तरी पाठीला तेल लागलेले असतेच.

मात्र घरातली बाकीची माणसे हात झटकून बसली असतील, तर त्या सुनेच्या घराचे डेंट झाले आहे. मग तिच्या मनाची चौकशी पुरे. नवऱ्याला, नणंदेला, दिरांना विचारू या, की तेलाची बाटली कुठे ठेवलेली असते.