फूटपाथवर कोणी कोणाला थांबवायचं?

20 ऑक्टोबर 2020 रोजी इंग्लंडमधल्या हंटिंग्डन या गावी, वाहत्या रस्त्याच्या कडेच्या फूटपाथवर दोन बायका समोरासमोर आल्या. एक 77 वर्षांची, सायकलवर. दुसरी चाळिशी ओलांडलेली, पायी. पायी चालणारीला सेरेब्रल पाल्सी होती, दृष्टीही अधू होती. समोरून सायकल येताना दिसली तशी ती ओरडली, शिवी देऊन फूटपाथवरून खाली उतरायला सांगू लागली, हातवारे केले. सायकलवरच्या आजी रस्त्यावर पडल्या, येणाऱ्या मोटारीची धडक बसली आणि त्यात त्या गेल्या.

पुढे साडेतीन वर्षं हे प्रकरण न्यायालयात चाललं. पहिल्या खटल्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही. दुसऱ्या खटल्यात पायी चालणारी सदोष मनुष्यवधाची दोषी ठरली आणि मार्च 2023 मध्ये तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. 8 मे 2024 रोजी अपील न्यायालयाने तिला दोषी ठरवणारा निकालच रद्द केला. ज्या बेकायदा कृत्यातून हा मृत्यू ओढवला म्हणायचं, ते कृत्य नेमकं कोणतं, हे ज्यूरीपुढे नीट मांडलंच गेलं नव्हतं. तोवर ती बाई तुरुंगात राहून आली होती. तो फूटपाथ सायकलींनाही खुला होता की फक्त पायी चालणाऱ्यांचा, हे पोलिसांनाही ठामपणे सांगता आलं नाही. न्यायाधीशांनी तो दोघांसाठी असल्याचं धरलं. म्हणजे ज्या प्रश्नावरून एक जीव गेला आणि एक आयुष्य उद्ध्वस्त झालं, त्याचं उत्तर त्या जागेवर उभं राहून कोणालाच देता आलं नसतं.

हे प्रकरण वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. खलनायक शोधावा तर सापडत नाही. 77 वर्षांच्या बाईने मोटारींच्या ओघात सायकल घालायची नाही असं ठरवलं असेल, तर तिला दोष कोण देईल? ज्या बाईला धड दिसत नाही, जिचे पाय तिच्या ताब्यात नाहीत, तिने अंगावर येणारी सायकल पाहून आरडाओरडा केला, तर तिची भीती खोटी कशी म्हणायची? मोटार चालवणारीवर तर कसला आरोपही झाला नाही. तिघींपैकी कोणीही घरून कोणाला इजा करायला निघालेली नव्हती. इजा करण्याची ताकद मात्र मोटारीत होती आणि तिच्यासाठी सगळा रस्ता मोकळा होता. उरलेल्या दोघींनी एका चिंचोळ्या पट्ट्यावर आपापला हक्क सांगायचा होता.

2020 मध्येच पुण्यात एसएनडीटीजवळच्या कालवा रस्त्यावर एक वयस्क बाई फूटपाथवर आडव्या उभ्या राहिल्या. रस्त्यावरची कोंडी टाळायला फूटपाथवर चढलेल्या मोटारसायकली आणि स्कूटर त्यांनी अडवल्या, दुचाकीवाल्यांना खाली उतरायला लावलं. त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली, त्यांचं कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. वरवर पाहिलं तर कृती तीच: पायी चालणारी बाई, फूटपाथ आपला आहे असं ठणकावून सांगणारी. तरीही पुण्यातल्या बाईंपुढे आपण मान लवतो आणि हंटिंग्डनची हकिकत वाचून पोटात खड्डा पडतो. शेवट वेगवेगळा झाला एवढ्याने हा फरक समजत नाही. पुण्यात शंभर किलोंच्या वरचं, इंजिनाच्या जोरावर धावणारं वाहन चार मिनिटं वाचवण्यासाठी फूटपाथवर आलं होतं. सायकलवरचा माणूस फूटपाथवर चढतो तो बहुतेक वेळा जीव वाचवण्यासाठी. एकाला समोरच्याची पर्वा नाही, दुसऱ्याला मागून येणाऱ्याची धास्ती आहे. या दोघांना एकाच कलमाखाली, एकाच पावतीवर आणणारा नियम मला न्याय्य वाटत नाही.

पण म्हणून सायकलवाल्याची बाजू घेऊन मोकळं होता येत नाही. सायकल आवाज करत नाही, आणि ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी हीच तिची सगळ्यात वाईट गोष्ट आहे. मागून आलेली सायकल नुसती कोपराला घासून गेली तरी म्हातारं माणूस पडतं. त्या वयात मांडीच्या हाडाचं फ्रॅक्चर म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी झालंय त्यांना सांगायला नको. पडण्याची भीती बसलेला माणूस आधी संध्याकाळचं फिरणं सोडतो, मग देवळात जाणं सोडतो, मग घराबाहेर पडणंच. रस्त्यावर जागा मिळाली नाही तर सायकलवाला निदान फूटपाथवर तरी चढतो. पायी चालणाऱ्याला फूटपाथवरून सरकून जायला जागाच नाही. भीती अशी वरून खाली ढकलली जाते आणि ज्याला पुढे ढकलायला कोणी उरलेलं नाही त्याच्यापाशी येऊन साचते.

इंग्लंडमधला कायदा याबाबतीत फार जुना आहे. 1835 च्या हायवे ॲक्टने रस्त्याकडेच्या पायवाटेवर गाडी हाकायला मनाई केली. तेव्हा आजच्यासारखी सायकल जन्मालाही आली नव्हती. 1888 मध्ये संसदेने सायकल हीसुद्धा गाडीच आहे असं ठरवलं आणि ती मनाई सायकललाही लागली. त्या काळी ते रास्त होतं. रस्त्यावर घोडागाड्या होत्या, सायकल त्यांच्यापेक्षा चपळ होती, पायी चालणाऱ्याला तिच्यापासून जपायला हवं होतं. पुढे मोटार आली. रस्त्यावरची चपळ सायकल बघता बघता रस्त्यावरची दुबळी सायकल झाली. कायदा जागचा हलला नाही.

1999 मध्ये फूटपाथवर सायकल चालवल्याबद्दल जागेवर दंडाची पावती फाडायची पद्धत तिथे सुरू झाली, तेव्हा गृहखात्याचे मंत्री पॉल बोटेंग यांनी पोलिसांना समजावून सांगितलं होतं: रहदारीच्या भीतीने नाइलाजाने फूटपाथवर येणाऱ्या आणि तिथल्या माणसांची काळजी घेणाऱ्या सायकलस्वारावर या दंडाचा रोख नाही. माणुसकी असलेली सूचना होती. पण लिहिलेला नियम एक सांगतो आणि पोलिसांना दिलेली समज दुसरंच, अशा व्यवस्थेत फूटपाथवरच्या साध्या माणसाला आपला हक्क नक्की किती हे कसं कळावं? जिथे कायदा संदिग्ध असतो तिथे आवाज चढतात.

जपानने वेगळी वाट धरली. 1970 मध्ये त्या देशात रस्त्यांवर 16,765 माणसं मेली. त्या हाहाकारात सरकारने ठरावीक फूटपाथ सायकलींना खुले केले. तत्त्व मात्र सोडलं नाही: सायकल हे वाहन आहे, तिची जागा रस्त्यावर. अपवाद आहेत, आणि ते वाचताना कायदा लिहिणाऱ्यांनी माणसं डोळ्यांसमोर ठेवली होती असं वाटतं. 13 वर्षांखालची मुलं, 70 आणि त्यावरच्या वयाचे लोक, अपंग व्यक्ती आणि रस्ता खरोखरच धोक्याचा असेल तर कोणीही. त्याबरोबर अटही आहे. फूटपाथवर सायकल रस्त्याच्या बाजूने, अगदी हळू चालवायची आणि पायी चालणाऱ्याला अडथळा होत असेल तर थांबायचं. हंटिंग्डनच्या आजी टोकियोत असत्या तर फूटपाथवर येण्याचा त्यांना हक्क होता. आणि समोरून अडखळत येणारी बाई दिसताच थांबण्याचं बंधनही होतं. हे दोन्ही एकाच कलमात लिहिलेलं असणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

जपानलाही याची किंमत मोजावी लागली. संकटकाळासाठी केलेली सोय अर्धं शतक टिकली आणि धडधाकट माणसंही फूटपाथ आपलाच समजून सायकली दामटू लागली. म्हणून 1 एप्रिल 2026 पासून 16 आणि त्यावरच्या वयाच्या सायकलस्वारांना दंडाची पावती देण्याची तरतूद त्यांनी कायद्यात केली. दुबळ्यासाठी उघडलेल्या दारातून सबळही आत शिरतो. म्हणून दार बंद करावं असं नाही, पण दाराशी लक्ष ठेवावं लागतं.

आपल्याकडे काय आहे? मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत सायकल बसत नाही, कारण तिला इंजिन नाही. जुन्या पिढीला आठवत असेल, तिन्हीसांजेनंतर दिवा नसला की पोलीस शिट्टी मारून थांबवायचा, डबलसीट दिसली की चाकातली हवा सोडायचा, नगरपालिकेचा बिल्ला सायकलला लावावा लागायचा. सायकलवाल्याकडून काय घ्यायचं हे त्या नियमांना ठाऊक होतं. त्याला द्यायचं काय, याचा विचार त्यात नव्हता. 2013 मध्ये कोलकात्यात तर पोलिसांनी 174 रस्त्यांवर सायकलींनाच बंदी केली. कारण रहदारी सुरळीत व्हावी हे. तिथे सायकलवर कोण होतं? दूध घालणारे, पेपर टाकणारे, मजुरीला जाणारे. ज्याच्यामुळे कोंडी होत नाही त्यालाच रस्त्यावरून हटवायचं, हा अन्याय आहे.

एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ज्याची ख्याती होती त्या पुण्यात 2006 पासून बीआरटीच्या रस्त्यांकडेने सायकल ट्रॅक बांधले गेले. 2017 मध्ये महापालिकेने स्वतंत्र सायकल आराखडाही मंजूर केला. त्या ट्रॅकवर आज चालून पाहा. मध्येच विजेची डीपी, मध्येच पार्क केलेल्या गाड्या, पुढे टपरी, मग फरशा उखडलेल्या, मग ट्रॅकच संपलेला. सायकलवाला रस्त्यावर उतरतो, मागून बस हॉर्न देते, तो फूटपाथवर चढतो, फूटपाथवरची आजी दचकते. रात्रपाळीचा वॉचमन, रंगकाम करणारा, हॉटेलात काम करणारं पोर, ही माणसं रोज या साखळीतून जातात. गावाकडे मानव विकास कार्यक्रमाखाली सरकार शाळकरी मुलींना सायकली देतं. फार चांगली योजना आहे ती, कित्येक मुलींचं शिक्षण त्या सायकलीमुळे टिकलं. पण मुलीच्या हाती सायकल दिली की ती कोणत्या रस्त्याने चालवायची याची जबाबदारीही आपल्यावर येते. तिच्या वाटेवर डंपर धावत असतील तर नुसती सायकल देऊन आपण सुटत नाही.

हे सगळं आताच लिहायला कारण आहे. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने सांगितलं की, अडथळा नसलेला, अपंगांनाही वापरता येईल असा फूटपाथ हा घटनेच्या 21 व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्यानंतर ऑक्टोबर 2025 मध्ये न्यायालयाने राज्यांना सहा महिन्यांत नियम करायला सांगितलं. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 138 (1अ) आहे, त्याखाली इंजिन नसलेली वाहनं आणि पायी चालणारे यांच्यासाठी राज्याला नियम करता येतात. म्हणजे सायकलने कुठून जायचं हे ठरवण्याची वेळ आपल्यावर आली आहे.

मला भीती वाटते ती सोप्या नियमाची. ‘फूटपाथवर सायकल चालवल्यास दंड’ एवढं एक वाक्य लिहिलं की काम झाल्यासारखं वाटेल. पावत्या फाटतील, त्या वॉचमनच्या आणि पेपरवाल्या पोरांच्या. ब्रिटनने जानेवारी 2022 मध्ये आपल्या हायवे कोडमध्ये एक तत्त्व सर्वांत वर ठेवलं: ज्याच्या हातून जास्त इजा होऊ शकते त्याच्यावर इतरांचा धोका कमी करण्याची जबाबदारी जास्त. ट्रकवर सर्वाधिक, मग मोटार, मग दुचाकी, सायकलवरही, आणि ती पायी चालणाऱ्यासाठी. आपल्या नियमांची सुरुवात इथून व्हावी. शाळकरी मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना फूटपाथवर चालण्याच्या वेगाने सायकल न्यायची उघड परवानगी असावी, आणि गर्दी असेल तिथे उतरून हाताने ढकलण्याची सक्ती. मोटारसायकलला फूटपाथवर कोणत्याही कारणाने सूट नको. धडधाकट सायकलस्वाराला रस्त्यावरच यायला सांगावं, पण ज्या रस्त्यावर महापालिकेने त्याला जागा दिलेली नाही तिथे त्याच्याकडून दंड घेऊ नये.

अशा नियमांचा मसुदा आधी राजपत्रात येतो आणि हरकती-सूचनांसाठी लोकांना मुदत मिळते. सायकल चालवणारे, न चालवणारे, सगळ्यांनीच तेव्हा लिहायला हवं. माझी सूचना रुंदीबद्दल असेल. हंटिंग्डनचा तो फूटपाथ न्यायालयाच्या नोंदीप्रमाणे 2.4 मीटर रुंद होता. आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसने फूटपाथची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर सांगितली आहे, आणि तेवढीही शहरात किती ठिकाणी सापडते ते टेप घेऊन मोजावं लागेल. सायकलींना फूटपाथ खुला असल्याची पाटी लावण्याआधी अधिकाऱ्यांनी पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या एखाद्या नागरिकाला तिथे बोलवावं, सोबत एक सायकल आणावी, आणि दोघं एकमेकांना न लागता जातात का ते पाहावं. जात नसतील तर ती पाटी लावू नये, रस्त्याच्या एका कडेचं पार्किंग काढून ती जागा सायकलला द्यावी.