क्षमा आणि तक्रार

आपणांवर झालेला लहानसा अन्याय मुकाट्यानें सोसणें हा सद्गुण कीं दुर्गुण, या प्रश्नाचें उत्तर आम्ही आजवर वर्गांत मोठ्या सहजतेनें देत आलों. क्षमा हें थोरांचें भूषण होय, परंतु अन्यायापुढें मान तुकविणें हें भ्याडपणाचें लक्षण होय, असें सांगून दोन्ही पक्षांचें समाधान करण्याची युक्ति शिक्षकाच्या अंगीं असतेच. गेल्या कांहीं वर्षांत एका क्षुल्लक दिसणाऱ्या व्यवहारानें हें तयार उत्तर आमच्याकडून काढून घेतलें. तो व्यवहार प्रथम सांगतों. त्यावरून सुचलेला विचार नंतर मांडतों.

२०२२ सालीं हिंगोलींत घर बांधण्यासाठीं आम्हीं एका बँकेकडून बारा लाख रुपयांचें कर्ज घेतलें. कर्जाचें काम पाहणारा तरुण अधिकारी आमचा जुना विद्यार्थी होता. त्यानें खुर्ची पुढें केली, चहा मागविला आणि कागदांची चळत समोर ठेवून जेथें जेथें पेन्सिलीची खूण होती तेथें तेथें सह्या घेतल्या. मध्यें एकदां आम्हीं विचारलें, "हा कसला कागद?" तो म्हणाला, "सर, हा विमा कर्जासोबतच येतो. याच्याशिवाय प्रकरण पुढें जात नाहीं." आम्हीं सही केली. विद्यार्थ्यांना एकेका शब्दाचा अर्थ लावून वाचण्यास शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्या माणसानें त्या दिवशीं एकहि ओळ न वाचतां वीसएक सह्या केल्या.

वर्षभरानें कर्जाचा उतारा पाहतांना मुद्दल बारा लाख नसून बारा लाख चोपन्न हजार असल्याचें ध्यानांत आलें. चोपन्न हजार हा विम्याचा एकरकमी हप्ता. तो कर्जांतच मिळविलेला असून त्यावर दहा वर्षें व्याज चालणार होतें. कपाटांतील कागद काढून वाचले, तेव्हां याहून गंभीर गोष्ट आढळली. मधुमेह आहे काय, या प्रश्नापुढें 'नाहीं' असें लिहिलेलें होतें. आम्हांस कित्येक वर्षांपासून मधुमेह आहे. तो प्रश्न आम्हांस कोणीं विचारला नव्हता; परंतु त्या 'नाहीं'खालीं सही आमची होती. १९३८ च्या विमा कायद्याच्या ४५ व्या कलमाप्रमाणें पहिल्या तीन वर्षांत, महत्त्वाची माहिती दडविल्याचें दाखवून, दावा नाकारतां येतो. म्हणजे त्या अवधींत आमचें कांहीं बरेंवाईट झालें असतें, तर ज्या विम्याचे पैसे आम्ही व्याजासह भरीत होतों तोच विमा घरच्यांच्या उपयोगीं पडला नसता.

स्नेह्यांचा सल्ला एकच पडला : "सर, जाऊं द्या." या सल्ल्यामागें तीन कारणें होतीं. रक्कम लहान, कटकट मोठी, हें पहिलें. न वाचतां सही केली ही चूक आपलीच, हें दुसरें. तिसरें कारण आमच्या सौभाग्यवतींनीं सांगितलें : "अहो, त्या पोराची नोकरी जाईल. आपल्या घरीं जेवलेला मुलगा तो." तिन्ही कारणांचा क्रमानें विचार करूं.

रक्कम लहान, हें खरें. पण लहान रकमांच्या बेरजेस कोणी लहान म्हणूं शकत नाहीं. ब्रिटनमध्यें बँकांनीं कर्जदारांच्या गळ्यांत असाच विमा वर्षानुवर्षें घातला. आजारपणांत वा बेकारींत कर्जाचे हप्ते तो भरील असें सांगितलें जाई. प्रत्यक्षांत स्वतःचा धंदा करणाऱ्या, म्हणजे ज्यांस त्याचा लाभ मिळणें अवघड, अशांच्याहि माथीं तो मारला गेला. पुढें लोकांनीं तक्रारी केल्या, २०११ सालीं लंडनच्या उच्च न्यायालयांत बँका हरल्या, आणि २०१९ अखेरपर्यंत सुमारें ३८ अब्ज पौंड कर्जदारांस परत करावे लागले. या अवाढव्य आंकड्यांतील प्रत्येक तक्रार एकेका घरापुरतीच होती. 'एवढ्याशासाठीं कशाला' असें सर्वांनींच म्हटलें असतें, तर ती रक्कम जेथें होती तेथेंच राहिली असती.

दुसरें कारण अधिक बोंचरें आहे, कारण तें खोटें नाहीं. १८७२ चा करार कायदा संमति मोकळी असावी असें म्हणतो. दाब, फसवणूक, चुकीचें कथन यांनीं मिळविलेली संमति तो मोकळी मानीत नाहीं. परंतु त्याच्याच १९ व्या कलमास एक अपवाद जोडलेला आहे. चुकीच्या कथनानें किंवा कपटी मौनानें संमति मिळविली असली, तरी सामान्य दक्षतेनें सत्य जाणण्याचें साधन ज्याच्यापाशीं होतें, त्यास तेवढ्या कारणानें करार मोडतां येत नाहीं. आम्हांस इंग्रजी येत होतें, चष्मा खिशांत होता, वेळहि होता. मग तक्रारीस तोंड कोठें उरलें?

यावर आमचें म्हणणें असें कीं, दक्षता किती बाळगावी हें दोन माणसांतील नात्यावर ठरतें. हिंगोलीच्या बाजारांत हळद घेणारा हळकुंड मोडून आंतला रंग पाहतो. त्याचा राग विकणाऱ्यास येत नाहीं, कारण तेथें परीक्षा करणें हाच रिवाज आहे. बँकेंत कारभार निराळा. तेथें 'आमच्यावर विश्वास ठेवा' असेंच भिंतीभिंतींवरून सांगितलेलें असतें, आणि समोर शिष्य बसलेला असतां कागद उलटसुलट करून पाहणें हा त्याचा अपमान वाटतो. ज्यानें विश्वास मागून घेतला, त्यानेंच मागाहून 'तुम्ही विश्वास कां ठेवला?' असें विचारावें, यांत न्याय नाहीं. आमची चूक आम्हांस लाज वाटण्यास पुरेशी आहे. त्याचें वागणें निर्दोष ठरविण्यास ती पुरेशी नाहीं.

सहीच्या मागें जाऊन पाहण्याचा हा विचार महाराष्ट्रास नवीन नाहीं. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे रोखे हिसकावून जाळले आणि तो वणवा आजूबाजूस पसरला. त्यानंतर १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं जो कायदा झाला, त्यानें दोन गोष्टी केल्या. शेतकऱ्याचा दस्तऐवज गांवच्या निबंधकासमोर व्हावा व त्यानें तो वाचून, समजावून सांगावा. आणि तंटा कोर्टांत आला तर न्यायाधीशानें केवळ सहीअंगठ्यावर न थांबतां व्यवहाराचा मूळ इतिहास तपासावा. आमचा भाग तेव्हां निजामाच्या अमलाखालीं असल्यामुळें या कायद्याची सांवली इकडे पडली नाहीं. परंतु त्यांतील तत्त्व आम्हांस आजहि ग्राह्य वाटतें. कागद पुढें ठेवला म्हणजे समजावून सांगितलें असें होत नाहीं.

आतां तिसरें कारण. येथें आम्ही पुष्कळ दिवस अडलों. तो मुलगा लबाड नव्हता. महिन्याला इतके विमे झालेच पाहिजेत, असा आंकडा त्याला वरून ठरवून दिलेला होता. त्याला ते लोक 'टार्गेट' म्हणतात. त्याला क्षमा करावी असें मनापासून वाटत होतें, आणि चोपन्न हजारांपुरती ती आम्हीं केलीहि होती. परंतु सह्या करीत होतों त्या दिवसाचें एक दृश्य मनांतून जाईना. शेजारच्या टेबलाशीं नर्सीकडचा एक वृद्ध शेतकरी बसला होता. त्याच्यापुढेंहि तशीच चळत होती आणि शाईनें भरलेला त्याचा अंगठा खुणेखुणेवर टेकविला जात होता. त्याच्या कागदांत काय होतें तें आम्हांस ठाऊक नाहीं. त्यालाहि ठाऊक नसावें. क्षमा करण्याचा अधिकार ज्याचें नुकसान झालें त्याचा. आमच्या पैशांपुरतें आम्ही उदार होऊं शकत होतों. त्या म्हाताऱ्याच्या वतीनें उदार होण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला? जें मौन आपणांस क्षमा वाटतें, तें पुढच्या माणसाच्या खर्चानें केलेलें औदार्य असूं शकतें, एवढें आम्हांस त्या दिवशींच्या आठवणीनें शिकविलें.

म्हणून आम्हीं तक्रार लिहिली. तींत पहिलें वाक्य आमच्या चुकीचें होतें : कागद न वाचतां सही केली, आणि एका खोट्या उत्तराखालीं आमचें नांव आहे. दुसरें, काय सांगितलें गेलें त्याचें. तिसरें, ठरवून दिलेल्या आंकड्याचें. कारण दोष एका मुलाच्या डोक्यावर येऊन थांबूं नये अशी आमची इच्छा होती. विमा नको असल्यास परत करण्याची मुदत त्या काळीं कागद हातीं पडल्यापासून पंधरा दिवसांची होती, ती केव्हांच उलटली होती. २०२४ पासून ती तीस दिवसांची आहे. विमा कंपनीनें प्रथम नकार कळविला. तेव्हां २०१७ च्या नियमांप्रमाणें आम्हीं पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज केला. कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आंत तो करावा लागतो, त्यास फी नाहीं, वकील लागत नाहीं, आणि लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. सुनावणीची तारीख येण्यापूर्वींच कंपनीनें हप्ता परत केला. व्याज मिळालें नाहीं. चूक झाली असें एक अक्षरहि कोणीं लिहून दिलें नाहीं.

त्या मुलाची नोकरी राहिली, बदली मात्र झाली. जाण्यापूर्वीं तो घरीं आला होता. "सर, मला एकदां बोलावून सांगायचं होतं," एवढेंच तो म्हणाला. त्याचें म्हणणें अगदींच चुकीचें नव्हतें, आणि आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. पूर्वीं तो दर दिवाळीला फराळाला येई. आतां येत नाहीं. पैसे परत आल्याचा आनंद ओसरला, ही उणीव राहिली. तक्रार करणें योग्य होतें असें आजहि वाटतें. परंतु योग्य गोष्टीची किंमत पडत नाहीं असें वर्गांत सांगण्याचें आम्हीं सोडून दिलें आहे.

एक फरक मात्र झाला आहे. अलीकडे वर्षारंभीं विद्यार्थ्यांना आम्ही पाठ्यपुस्तकाआधीं एक साधा कर्जाचा कागद वाचावयास देतों, आणि त्याचा अर्थ आपापल्या आईवडिलांना मराठींत सांगून या, असें म्हणतों. कांहीं जण हंसतात. कांहीं जण मात्र दुसऱ्या दिवशीं घरचे खरे कागद घेऊन येतात. मग तास संपल्यावरहि आम्ही बसून राहतों आणि ते मोठ्यानें वाचतों.