माणूस बदलला, माप बदललं

12 फेब्रुवारी 1999. अमेरिकेच्या सिनेटमध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्यावरच्या महाभियोगाचं मतदान होतं. आरोप दोन: शपथेवर खोटं बोलणं आणि न्यायाच्या कामात अडथळा आणणं. टेक्ससच्या रिपब्लिकन सिनेटर के बेली हचिसन यांनी दोन्ही वेळा ‘दोषी’ असं मत दिलं. विषय खासगी संबंधांचा असला तरी शपथ ती शपथच, असं त्यांचा पक्ष तेव्हा ठणकावून सांगत होता. डेमोक्रॅटिक पक्षाच्या 45 सिनेटरांपैकी एकानेही ‘दोषी’ म्हटलं नाही. क्लिंटन सुटले.

पुढे वारं फिरलं. उपाध्यक्ष डिक चेनी यांचे विश्वासू अधिकारी लुईस ‘स्कूटर’ लिबी चौकशीत सापडले. गुप्तचर खात्यातल्या एका महिलेचं नाव फुटलं होतं, त्याचा तो तपास. ऑक्टोबर 2005 मध्ये त्याच हचिसनबाई टीव्हीवर म्हणाल्या, आरोप ठेवायचाच तर खऱ्या गुन्ह्याचा ठेवा, शपथेवरच्या खोट्याची नुसती तांत्रिक बाब नको. सहा वर्षांपूर्वी याच गुन्ह्यासाठी त्या राष्ट्राध्यक्षाला पदावरून काढायला निघाल्या होत्या!

2007 मध्ये लिबी दोषी ठरले, 30 महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगात एक दिवसही जाण्याआधी अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ती कैद रद्द केली. आता कायद्याच्या राज्याची आठवण डेमोक्रॅटांना झाली. हिलरी क्लिंटन यांनीही कडक टीका केली. पण त्यांच्या पतीने 2001 मध्ये, पदाच्या शेवटच्या दिवशी, आपले माजी मंत्री हेन्री सिस्नेरोस यांना माफी दिली होती. एफबीआयशी खोटं बोलल्याचं सिस्नेरोस यांनी कबूल केलेलं होतं.

मला या पुढाऱ्यांचा राग येतो. साध्या साक्षीदाराला साक्षीच्या पिंजऱ्यात अशी सूट कोणी देत नाही.

मान द्यावासा वाटतो तो दोन न्यायाधीशांना. सिनेटने सोडल्यानंतर दोनच महिन्यांनी सुसान वेबर राइट यांनी खोट्या साक्षीबद्दल क्लिंटन यांना न्यायालयाच्या अवमानाचे दोषी ठरवलं आणि पुढे सुमारे 90,000 डॉलर भरायला लावले. कायद्याच्या महाविद्यालयात त्या क्लिंटन यांच्याच विद्यार्थिनी होत्या. लिबींना शिक्षा सुनावली ती रेजी वॉल्टन यांनी. त्यांना त्या न्यायासनावर नेमलं होतं बुश यांनीच.