मूळ आवाज कोणता?

मालकी आणि अधिकार या दोन शब्दांत आपण व्यवहारात फारसा भेद करीत नाही. वस्तू माझी, म्हणून तिच्यात हवा तो बदल करण्याचा अधिकारही माझा, हे आपल्याला स्वयंसिद्ध वाटते. मोटारीत कंपनीनेच बसवून दिलेली उंची संगीतयंत्रणा काढून तिच्या जागी बाजारातले स्पीकर आणि ॲम्प्लिफायर बसवणे ही या दृष्टीने क्षुल्लक घटना होय. परंतु क्षुल्लक घटनेत तत्त्वाचा प्रश्न पुष्कळदा अधिक स्वच्छ दिसतो.

जबलपूरला हा प्रश्न नवा नाही. येथील वाहन निर्माणीत निसानच्या आराखड्यावरून सैन्यासाठी ‘जोंगा’ तयार होत असे. तिच्या नावातच जबलपूर दडलेले आहे. लिलावातून नागरिकांच्या हाती आलेल्या अनेक जोंगांतली पेट्रोल इंजिने पुढे काढली गेली आणि तेथे डिझेल इंजिने आली, कारण पेट्रोलचा खर्च झेपणारा नव्हता. असे बदल कायद्याच्या कक्षेत येतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत करण्यास मनाई करते. मुभा आहे ती ठरावीक बदलांपुरती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा पुन्हा ठामपणे सांगितली. संगीतयंत्रणेचा मात्र नोंदणीपत्रात उल्लेखच नसतो. तेथे निर्णय मालकाच्या विवेकावर सोडलेला आहे.

या विवेकाने प्रथम काय जाणून घ्यावे? मोटारीचा अंतर्भाग ही संगीताला प्रतिकूल जागा आहे. काच आवाज परतवते, गादी तो शोषून घेते, आणि ऐकणारा कधीच मध्यावर बसलेला नसतो. बंगाली क्रांतिकारकाचे पुत्र आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक अमर बोस यांच्या कंपनीने १९८३ च्या कॅडिलॅक सेव्हिल गाडीसाठी तिच्याच अंतर्भागाला अनुसरून यंत्रणा रचली. आज भारतीय रस्त्यांवरील मध्यम किमतीच्या गाड्यांतही अशा यंत्रणा मिळतात. त्यांचे मर्म पुष्कळदा स्पीकरपेक्षा ॲम्प्लिफायरमध्ये असते. स्पीकर ज्या पट्टीत उणा पडतो, ती पट्टी ॲम्प्लिफायर आधीच चढवून पाठवतो. आवाज वाढवला की लहान स्पीकरवर ताण येऊ नये म्हणून खर्ज हळूच कमी करतो. श्रोत्याला उणीवही कळत नाही आणि भरपाईही कळत नाही.

आता हौशी मालक केवळ स्पीकर बदलतो. नवा स्पीकर निर्दोष असतो, पण त्याच्याकडे येणारा आवाज जुन्या स्पीकरच्या दोषासाठी वाकवलेला असतो. चांगल्या डोळ्यांना दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावावा, तसा हा प्रकार. पैसे खर्चून आवाज बिघडला अशी तक्रार पुष्कळदा येथूनच जन्मते. मग कंपनीने केलेली दुरुस्ती आधी पुसून टाकणारा प्रोसेसर घ्यावा लागतो, किंवा ॲम्प्लिफायरही बदलावा लागतो.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ही अडचण ओळखीची वाटेल. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि पुढे कोणी तीत आपल्या ओव्या मिसळू नयेत असे बजावून ठेवले. एक शब्द बदलला की शेजारचे शब्दही हलतात, याची जाण असलेल्या संपादकाचा तो इशारा आहे. तरीही हे साम्य फार ताणू नये. ज्ञानेश्वरीला एक कर्ता आहे आणि त्याच्या शब्दाकडे परतण्याला अर्थ आहे. मोटारीत मूळ कोणते? गायक ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गायला, तंत्रज्ञाने ते गाणे सिद्ध केले, आणि कंपनीने त्यावर आपला अर्थ चढवला. कंपनीची यंत्रणा ही संहिता नव्हे, ती एक टीका आहे. एका टीकेच्या जागी दुसरी लिहिण्यात पातक नाही. मात्र पहिली नीट वाचलेली असावी.

टीका कोणासाठी लिहिली, हाही प्रश्न उरतोच, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजव्या दाराचा आवाज त्याला आधी ऐकू येतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ सेंटिमीटर अंतराला सेकंदाचा एक सहस्रांश. जाणकार जवळच्या स्पीकरला तेवढाच उशीर लावतो आणि गायकाला चालकाच्या बरोबर समोर आणून बसवतो. परिणाम खरोखर विलक्षण असतो. शेजारच्या आसनावरील व्यक्तीला मात्र तोच गायक तिच्या दाराला चिकटलेला ऐकू येतो. मागे बसलेल्यांचा तर विचारच झालेला नसतो. कंपनीची रचना बहुधा तडजोडीची असते. कोणालाच पूर्ण आनंद नाही, पण सर्वांना थोडाथोडा. रसिकतेच्या तराजूत ती उणीच ठरेल. तरीही तिने पाचही जणांना श्रोते मानलेले असते, आणि हा हिशेब नव्या यंत्रणेच्या कौतुकात कोणी मांडत नाही. प्रोसेसरमध्ये एकाहून अधिक मांडण्या साठवता येतात: एकटे असताना एक, घरचे सोबत असताना दुसरी. ती कळ दाबण्याची आठवण कोणाला होते, हे प्रत्येक घरात वेगळे.

आणखी एक श्रोता गाडीबाहेर असतो. १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींत आसनपट्ट्याची आठवण, ताशी ८० किलोमीटरनंतरचा वेगाचा इशारा आणि गाडी मागे घेताना अडथळ्याची सूचना अनिवार्य झाली. काही गाड्यांत यांपैकी एखादा नाद संगीताच्याच स्पीकरमधून येतो. जुना संच काढताना तो नादही निघून जाऊ शकतो. गाडीच्या मागे खेळणाऱ्या मुलाला या बदलाविषयी कोणी विचारलेले नसते. म्हणून मिस्त्रीने डॅशबोर्ड उघडण्यापूर्वी गाडी चालू करावी, पट्टा न लावता क्षणभर बसावे, रिव्हर्स गियर टाकावा आणि कोणता आवाज कोठून येतो ते ऐकावे. नवा संच बसल्यावर, गाणे लावण्याआधी, तेच पुन्हा एकदा करावे.